दिसते तेवढ्यातच थांबता आले पाहिजे

गेल्या रविवारी भाच्याला शेजारच्या सीटवर बसवून मी बेळगावहून गावाकडे, म्हणजे खानापूर तालुक्यात नंदगडच्या पुढे, निघालो होतो. त्याला नुकतेच लायसन्स मिळाले आहे, त्यामुळे जाताना गाडी मी चालवायची आणि येताना त्याने, असे आमचे ठरले होते. खानापूर मागे पडल्यावर एका ठिकाणी रस्ता सरळ होता, समोर एकही वाहन नव्हते, आणि तरीही मी साठचा वेग चाळीसवर आणला. "मामा, रस्ता मोकळा आहे की. हळू का केलात?" असे त्याने विचारले. रस्त्याच्या डाव्या अंगाला उसाचा उभा फड होता, फडातून ट्रॅक्टर ये-जा करण्यासाठी काढलेली वाट थेट डांबरावर उतरत होती, आणि त्या वाटेच्या तोंडाशी तांबड्या ओल्या मातीचे ताजे पट्टे उमटलेले होते. थोड्याच वेळापूर्वी तिथून एक वाहन बाहेर पडले होते आणि तोडणी चालू असेल तर दुसरे कोणत्याही क्षणी बाहेर पडणार होते. आम्ही तिथून गेलो तेव्हा प्रत्यक्षात काहीच बाहेर आले नाही. भाचा पुढे काही बोलला नाही, पण त्याचे समाधान झालेले नाही हे मला कळत होते. गाडीत दोन वाक्यांत सांगून संपण्यासारखा तो विषय नव्हता, म्हणून येथे सविस्तर लिहितो आहे.

मोकळा रस्ता म्हणजे काय, याविषयीची माझी समजूत बारा वर्षांपूर्वी एका रात्री बदलली. डिसेंबर महिना होता, कारखान्यांचा गळीत हंगाम भरात होता आणि मी निपाणीहून चिकोडीकडे चाललो होतो. मागच्या सीटवर आई झोपली होती. वेग सत्तरच्या आसपास होता आणि मला तो मुळीच जास्त वाटत नव्हता, कारण त्या रस्त्याने मी अनेकदा गेलो होतो. समोरून एक ट्रक आला. मी डिपर दिला, त्याने दिला नाही, आणि त्याच्या दिव्यांच्या झोतात पुढचे सगळे दिसेनासे झाले. त्या दोन-तीन सेकंदांत मी ब्रेकवर पाय ठेवला नाही, कारण ट्रक जवळ येण्यापूर्वी रस्ता रिकामा दिसला होता आणि तो अजूनही रिकामाच असणार, असे मी गृहीत धरले होते. ट्रक बाजूने निघून गेला आणि माझ्या हेडलाइटच्या उजेडात सर्वांत आधी दिसली ती हलणारी हिरवी पाने. ती उसाची वाढी होती. त्यांच्यामागे ट्रॉली आहे, ती उभी आहे आणि तिच्या मागच्या बाजूला दिवा, रेडियम, काहीही नाही, हे सगळे समजेपर्यंत माझा पाय ब्रेकवर पूर्ण दाबला गेला होता. गाडी थांबली तेव्हा ट्रॉलीबाहेर आलेले तीन-चार ऊस बॉनेटच्या वर आडवे होते आणि त्यांची टोके काचेपासून वीतभर अंतरावर होती. टायर पंक्चर झाल्यामुळे ट्रॅक्टरवाल्याने ट्रॉली अर्धी साइडपट्टीवर आणि अर्धी रस्त्यावर उभी केली होती व चाकांमागे दोन मोठे दगड लावले होते. हातातला जॅक तसाच धरून तो धावत आला आणि आईकडे पाहून त्यालाच रडू कोसळले.

पुढची काही वर्षे मी हा प्रसंग सांगताना सगळा दोष त्या ट्रॉलीला देत असे, आणि दिवा नसलेली ट्रॉली अंधारात रस्त्यावर उभी करणे हा अपराधच आहे, याविषयी माझे मत आजही बदललेले नाही. परंतु त्या ठिकाणी ट्रॉलीऐवजी झोपलेली म्हैस असती, सायकलवरून घरी निघालेला मजूर असता किंवा कोसळलेली फांदी असती, तरी माझ्या हातून तेच घडले असते. मी वाचलो तो रस्ता कोरडा होता, टायर नवे होते आणि ट्रकच्या उजेडाने दिपल्यामुळे पाय नकळत ॲक्सिलरेटरवरून थोडा सुटला होता म्हणून. त्यात माझ्या कौशल्याचा काहीही भाग नव्हता.

नंतर मी हे सगळे आकड्यांत मांडून पाहिले, कारण वेगाच्या बाबतीत आपला अंदाज फार चुकतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढे जाते. अडथळा दिसणे, तो अडथळा आहे हे मेंदूला उमगणे आणि पाय ब्रेकवर जाणे, यात सावध माणसाचाही साधारण दीड सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडीने 25 मीटर अंतर तोडलेले असते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर आणि चांगल्या टायरांवर थांबण्यासाठी आणखी 20 मीटर लागतात. एकूण 45 मीटर झाले. हाच हिशेब ताशी 80 चा केला, तर 33 मीटर विचारात जातात आणि 35 मीटर ब्रेक लागल्यावर, म्हणजे एकूण 68 मीटर होतात. वेग एक तृतीयांशाने वाढला, पण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर पाऊणपटीने वाढले, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. माझ्या मनावर सर्वांत खोल परिणाम झाला तो यापुढच्या आकड्याचा. साठने जाणारी गाडी ज्या जागी पूर्ण थांबलेली असेल, त्याच जागी ऐंशीने आलेल्या गाडीचा वेग अजून 65 च्या आसपास असतो. एक गाडी ट्रॉलीच्या मागे उभी राहते आणि दुसरी पासष्टच्या वेगाने तिच्यात घुसते.

रात्री डिपरवर, म्हणजे खाली केलेल्या दिव्यांवर, आपल्याला नीट दिसते ते साधारण चाळीस ते पन्नास मीटरपर्यंत. वरच्या आकड्यांशेजारी हे अंतर ठेवून पाहिले की डिपरवर ऐंशीने गाडी हाकणारा माणूस दिसणाऱ्या रस्त्यापेक्षा पुढे, न दिसणाऱ्या रस्त्यावर विसंबून चालला आहे, हे उघड होते. रस्ता ओला असेल तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर जवळपास दुप्पट होऊ शकते, मग साठही जास्त ठरतात. म्हणून मी स्वतःसाठी एकच नियम ठेवला आहे: आपल्या बाजूचा जेवढा रस्ता स्पष्ट दिसतो आहे, तेवढ्यातच गाडी पूर्ण थांबवता आली पाहिजे. वळणावर, चढाच्या माथ्यावर, धुक्यात, पावसात आणि समोरच्याच्या झोतात हे अंतर कमी होते, आणि त्याबरोबर वेगही कमी व्हायला हवा. फलकावर लिहिलेली मर्यादा ही कायद्याची मर्यादा असते. त्या क्षणी तेवढा वेग सुरक्षित आहे, असे आश्वासन त्या फलकाने कोणालाही दिलेले नसते.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 साली भारतात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मरण पावली आणि त्यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या मागे अतिवेग हे कारण नोंदवले गेले. सरासरी वेगात एक टक्का वाढ झाली तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आता आपल्या भागाविषयी. उसाच्या हंगामात बेळगाव जिल्ह्यातले रस्ते वेगळेच होतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेला ऊस, चढावर चालण्याच्या वेगाने सरकणारे धूड, आणि ओव्हरटेक करताना एकच ट्रॉली आहे असे समजून लवकर डावीकडे येणारा मोटारसायकलवाला, हे चित्र हुक्केरी, चिकोडी, अथणी, रायबाग, कागवाड, कुठेही दिसेल. ट्रॅक्टरला ओव्हरटेक करण्यापूर्वी त्याच्यामागे एक ट्रॉली आहे की दोन, हे वळणावर बाजूने पाहून घ्यावे, आणि दोन असतील तर तेवढ्या लांबीचा रिकामा रस्ता समोर दिसेपर्यंत मागेच राहावे. ऊस वाहणाऱ्या बैलगाड्याही रात्री चालतात, त्यांना तर दिव्याची सोयच नसते. क्वचित गाडीवानाने खाली टांगलेला कंदील किंवा बॅटरी दिसते, आणि ती रस्त्यालगतच्या एखाद्या घराचा दिवा आहे असे वाटून फसगत होते. दिवा रस्त्याच्या पातळीवर असेल आणि किंचित झुलत असेल, तर ते घर नाही.

रस्त्याची एक भाषा आहे आणि ती ट्रकवाल्यांनी व गावकऱ्यांनी मिळून घडवली आहे. डांबरावर हिरवी डहाळी किंवा फांदी ठेवलेली दिसली की पुढे, बहुतेक वेळा वळणापलीकडे, एखादे वाहन बंद पडलेले असते. हातभर अंतरावर एकामागून एक दगड मांडलेले दिसले तर त्याचाही अर्थ तोच. वाईट भाग असा, की गाडी दुरुस्त झाल्यावर निघण्याच्या घाईत पुष्कळ जण ते दगड तिथेच सोडून जातात. चाकाखाली लावलेला नारळाएवढा दगड रात्री रस्त्याच्या मधोमध राहतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दूध घालायला निघालेल्या मुलाच्या मोटारसायकलखाली येतो. आमच्या गावातला एक मुलगा असाच पडला होता. पायात रॉड घालावा लागला आणि तो पुढे कधी पूर्वीसारखा चालला नाही. दगड लावणाऱ्याला तो उचलायला अर्धा मिनिट लागला असता.

सुगीत सोयाबीन, मका, नाचणी डांबरावर वाळत घातलेली असते. शेतकऱ्याकडे खळे उरलेले नाही, हे मी समजू शकतो, परंतु धान्यावरून चाक घसरते आणि ब्रेक लावला तर जास्तच घसरते, त्यामुळे अशी रास लांबून दिसताच वेग उतरवून, हँडल किंवा स्टेअरिंग सरळ ठेवून, ब्रेक न दाबता तिथून जावे. राशीची कड आखण्यासाठी ठेवलेले दगड तर असतातच. पूर्वेकडे काळी जमीन लागते, तिकडे शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर चिकणमाती रस्त्यावर येते आणि एखादी सर पडली की तिचे वंगण होते. आमच्याकडे ज्याला सरसकट हंप म्हणतात ते गतिरोधक अनेक गावांत पांढऱ्या पट्ट्यांशिवाय, फलकाशिवाय उभे असतात. गाव सुरू होण्याची खूण, म्हणजे पहिले घर, पाण्याची टाकी किंवा शाळेची भिंत, दिसली की हंप आहे असे धरूनच चालणे बरे.

थांबलेल्या बसविषयी मला थोडे विस्ताराने सांगायचे आहे, कारण लहान मुलांचे बळी तिथे जातात. बस थांब्यावर उभी असते, आपण तिला ओलांडू पाहतो, आणि बसमधून उतरलेले मूल बसच्या पुढून रस्ता ओलांडायला धावते. त्याला आपण दिसत नाही आणि आपल्याला ते दिसत नाही. बस मोठी, दार डाव्या बाजूला, म्हणजे मूल बसच्या नाकापुढून थेट आपल्या समोर येणार. अशा वेळी मी बसच्या खालून पाहतो. चाकांच्या मधून, डांबराच्या पातळीवर, पलीकडे चालणारे पाय दिसतात. मागे एकदा जांबोटीच्या वाटेवर मला असेच पांढरे मोजे आणि काळे बूट दिसले. मी गाडी जवळजवळ थांबवली, आणि पुढच्याच क्षणी दप्तर सावरत एक मुलगी बसच्या पुढून पळत रस्त्याच्या पलीकडे गेली. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. तिला हाक मारून थांबवणाऱ्या आजी अजून बसच्या पलीकडेच होत्या, म्हणजे दुसरे माणूसही येणार होते. एक मूल, एक वासरू किंवा एक कुत्रा गेला म्हणजे रस्ता मोकळा झाला असे कधीच समजू नये, कारण बहुधा त्याच्यामागे कोणीतरी असते.

हेच खानापूरच्या जंगलातल्या गव्यांच्या बाबतीत खरे आहे. भीमगड अभयारण्याच्या बाजूला, कणकुंबी, जांबोटी, लोंढा या पट्ट्यात गवे संध्याकाळनंतर रस्ता ओलांडतात. पूर्ण वाढलेला नर हजार किलोंच्या आसपास असू शकतो आणि त्याचा गडद रंग रात्रीच्या डांबरात असा मिसळतो की आधी दिसतात ते गुडघ्याखालचे पांढरट पाय. एक दिसला की कळप आहे असे धरून थांबावे, दिवे खाली करावेत, हॉर्न वाजवू नये आणि शेवटचे जनावर झाडीत जाईपर्यंत वाट पाहावी.

पावसाळ्यात चोर्ला आणि आंबोलीकडच्या धुक्यात अप्पर दिवे लावले तर प्रकाश धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. डिपरच ठेवावा. गाडी चालू असताना चारही इंडिकेटर लावण्याची जी सवय पडली आहे ती सोडावी, कारण मागच्याला तुम्ही उभे आहात की चालला आहात हे कळत नाही आणि वळताना तुमचा इंडिकेटर दिसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मलप्रभा, मार्कंडेय, हिरण्यकेशी यांचे पाणी सखल पुलांवर येते. वरून वाहणाऱ्या गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की वाहून गेला आहे, हे काठावरून कोणालाही सांगता येत नाही, तेव्हा कालच कोणी पलीकडे गेले होते या भरवशावर गाडी घालू नये.

निपाणीजवळच्या तवंदी घाटासारख्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे लोक मला अजून भेटतात आणि त्यामुळे पेट्रोल वाचते असे ते मनापासून सांगतात. इंजेक्शन असलेल्या आजच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंद होतो, तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी थोडे इंधन लागतच राहते. म्हणजे वाचत काही नाही, उलट इंजिनाची ओढ जाते, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक नेमके शेवटच्या वळणावर पकड सोडतात. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल त्याच गिअरमध्ये तो उतरावा, ही जुन्या ड्रायव्हरांची शिकवण आहे. उतारावर मागून मालाने भरलेला ट्रक येतो आहे असे आरशात दिसले, तर त्याला पुढे जाऊ द्यावे.

सीमाभागातील आपल्यासारख्यांची आणखी एक अडचण आहे. रस्त्यावरचे फलक बहुतेक कन्नड आणि इंग्रजीत असतात, आणि आमच्या खेड्यांतल्या अनेक वडीलधाऱ्या मंडळींना यांतली एकही लिपी येत नाही. भाषेच्या प्रश्नावर माझी मते ठाम आहेत, पण ती बाजूला ठेवून मी घरच्यांना दोन फलक आकारावरून ओळखायला शिकवले आहेत. एकावर "अपघात वलय" असे असते, आणि त्यातला अपघात हा शब्द मराठीतला तोच आहे. दुसऱ्यावर "निधानवागि चलिसि" असे असते. अभंगांतून आपल्याला निधान हा शब्द ठेवा या अर्थाने ठाऊक आहे, कन्नडमध्ये मात्र निधान म्हणजे सावकाश. आईला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बरोबरच आहे की, सावकाश गेलं तर ठेवा राहतो." शिवाय लाल कडेचा त्रिकोण, त्यातले वळण, त्यातली मुले, त्यातले जनावर, ही चित्रे वाचायला कोणतीच लिपी लागत नाही.

घाई कशाची असते, हेही भाच्याने एकदा आकड्यांत पाहावे. बेळगाव ते खानापूर साधारण पंचवीस किलोमीटर. साठने गेलो तर पंचवीस मिनिटे, ऐंशीने गेलो तर एकोणीस. वाटेत एकही हंप, गाव किंवा ट्रॉली आली नाही, असे धरले तरच ही सहा मिनिटे वाचतात. मागचा माणूस हॉर्न वाजवून आपल्याला पळवू पाहत असेल तर आपला वेग वाढवण्याऐवजी डावीकडे सरकून त्याला साइड द्यावी, कारण त्याच्या घाईचे ओझे आपण का वाहावे? पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवावे हे मीटरमध्ये मोजता येत नाही, म्हणून मी सेकंद मोजतो. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोहोचली की मनात मोजायला सुरुवात करायची, आणि आपण त्या खांबापाशी तीन सेकंदांच्या आत पोहोचलो तर मागे सरकायचे. पावसात सहा.

येताना भाच्याने गाडी चालवली. एका ट्रॅक्टरमागे तो बराच वेळ शांतपणे राहिला आणि मग त्याने विचारले, "मामा, पण याच्या मागे काहीच लावलेलं नाही, याला कोणी सांगत कसं नाही?" हा प्रश्न योग्य होता. यंदा खंडेनवमीला गावात ट्रॅक्टर धुऊन, हार घालून पूजेसाठी उभे केले होते, तेव्हा मी आणि आमच्या आळीतले तिघेजण लाल रेडियमची गुंडाळी घेऊन गेलो आणि सात ट्रॉल्यांच्या मागच्या फळीवर पट्ट्या चिकटवल्या. दोघांनी नंतर बघू म्हणून सांगितले, त्यांच्याकडे पुन्हा जायचे आहे. पहिल्या खेपेनंतरच लक्षात आले की शेतातला चिखल उडून पट्टी झाकली जाते आणि झाकलेली पट्टी नसल्यासारखीच असते, म्हणून आता प्रत्येक ट्रॉलीच्या कडीला जुन्या धोतराचा एक तुकडा बांधून ठेवला आहे आणि फडातून रस्त्यावर चढण्यापूर्वी तो एकदा फिरवायचा, असे सगळ्यांना सांगितले आहे.